घड्याळ खाकरलं

“हा दरवाजा लाकडाचा आहे, हवालदार. तो मोडेल. पण दरवाजाच्या आत उभी असलेली मी लाकडाची नाही!” असं मी पदर मुठीत आवळून म्हटलं, आणि नेमकं त्याच क्षणी भिंतीवरचं घड्याळ खाकरलं.

खर्रर्र... ठण्ण!

पद्माकरचे डोळे बाहेर यायचे तेवढे बाहेर आले. त्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले, पण तोंडातून हूं की चूं काढलं नाही, कारण टेप चालू होता. मीही थांबले नाही. हवालदाराचं काम करणारे त्याचे मिरजेचे मामाही थांबले नाहीत. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला आणि आम्ही तो प्रसंग शेवटपर्यंत रेटला. टेपचं बटण टक्‌ करून वर आलं तसा पद्माकर मटकन खाली बसला.

“वैनी, घाण झाली. छत्रपतींच्या काळात तुमच्या सासऱ्यांचं घड्याळ वाजलं की वो!”

सांगलीतल्या आमच्या कासार बोळातली ही गोष्ट. मी निपाणीहून लग्न होऊन आले त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. दुपारची वेळ. आमच्या माजघराच्या खिडक्यांना गाद्या लावलेल्या, दाराच्या फटीत गोधड्या कोंबलेल्या, मधोमध पाटावर कुणाकडून तरी मागून आणलेला टेपरेकॉर्डर, आणि बाहेरच्या दारात सासूबाई लसूण सोलत पहाऱ्याला. सासरे, म्हणजे अण्णा, वाचनालयातून परतताना दिसले की सासूबाईंनी खोकायचं आणि आम्ही सगळा बाजार आवरायचा, असं ठरलेलं. सासूबाईंना हा कट इतका आवडला होता की त्यांनी घरात होता नव्हता तेवढा लसूण सोलून टाकला. पुढं आठवडाभर आम्ही चटणीच खात होतो.

“परत घेऊ या,” मी म्हटलं.

“पेटीवाल्याला भजनाला जायचंय. मामांची मिरजेची गाडी हाय. आणि मगाशी तुम्ही जे बोललासा ते तसं परत यायचं न्हाई...” पद्माकर केस उपटायच्या बेतात होता. तेवढ्यात बाहेरून खोकला ऐकू आला. तोही असा, की शेजारच्या घरातून कुणीतरी “पाणी देऊ का?” म्हणून ओरडलं.

मग काय! गाद्या माळ्यावर, पेटी मागच्या दारानं, मामा परसातून. अण्णा आत आले तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते, आणि माझ्या पुढ्यातल्या ताटात तांदूळ घालायचे राहून गेले होते.

आता हा कट कशासाठी, ते सांगायला हवं.

आमच्या बोळातलं उदयकाळ मंडळ दरवर्षी गणपतीत जिवंत देखावा करायचं. जिवंत देखावा म्हणजे एक छोटं नाटकच. फरक इतकाच की स्टेजवरची मंडळी बोलत नाहीत. संवाद आधीच टेप केलेले असतात. ते कर्ण्यातून लागतात आणि नटांनी नुसते ओठ हलवायचे, तलवारी परजायच्या. एक खेळ संपला की गर्दी पुढं सरकते, पडदा पडतो, टेप उलटा फिरतो आणि तेच नाटक पुन्हा पहिल्यापासून. रोज संध्याकाळपासून जेवणं होईपर्यंत हेच. बघणारे नवे, पण बोळातल्या आम्हा लोकांना तेच ते आणि तेच ते.

पद्माकर मंडळाचा लेखक, दिग्दर्शक, सुतार, रंगारी, सगळं. दिवसा तो दातांच्या डॉक्टरकडं कंपाउंडर होता. त्या वर्षी त्यानं सगुणाबाई नावाची एक किल्लेदारीण लिहून काढली. नवरा मोहिमेवर गेलेला आणि ही बाई म्हातारी माणसं आणि पोरं हाताशी धरून गड राखते. इतिहासात ही सगुणाबाई कुठं सापडत नाही. “सापडत न्हाई म्हणून तर लिहिली,” असं पद्माकर म्हणायचा. स्टेजवर उभी राहायला त्याची बहीण सरू होती. उंचीपुरी, डोळे मोठे, नऊवारीत खरोखरीची सरदारीण दिसायची. पण देवानं तिला आवाज दिला होता तो मांजराच्या पिल्लाचा.

आणि मग एके दिवशी मी ओरडले.

आमच्या घरात ओरडायची पद्धत नव्हती. अण्णा हळिंगळे म्हणजे माझे सासरे. कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांना गप्प बसवण्याची सवय. घरात सगळे दबक्या आवाजात बोलायचे. कुकरची शिट्टी झाली तर सासूबाई “झाली, झाली” म्हणत गॅस बंद करायला पळायच्या, जणू काही चोरी पकडली गेली. मोठ्यानं बोलायची मुभा फक्त त्या भिंतीवरच्या घड्याळाला होती, कारण ते अण्णांच्या वडिलांचं. ठोका द्यायच्या आधी त्याची स्प्रिंग खर्रर्र करायची. आमच्याकडं त्याला ‘घड्याळ खाकरलं’ असंच म्हणत.

तर त्या दिवशी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि खाली आरवाडे काकूंचा नातू चेंडूमागं धावत थेट टेम्पोच्या पुढ्यात आला. मी “थांब!” म्हणून ओरडले. पोरगा थांबला. टेम्पो थांबला. दोन सायकलवाले थांबले. चण्याच्या गाडीवाल्याचा हात पुडीत थांबला. आणि मारुतीच्या देवळापाशी मांडवाचे वासे मोजत असलेला पद्माकरही थांबला. संध्याकाळी, अण्णा नाहीत असं बघून तो सासूबाईंकडं आला आणि म्हणाला, “काकू, सगुणाबाई तुमच्या घरात हाय.”

मला काही शिकवावं लागलं नाही. निपाणीत शाळा-कॉलेजच्या सगळ्या वक्तृत्व स्पर्धा मी मारल्या होत्या. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी धीर करून अण्णांना विचारलंही होतं, की सांगलीच्या रेडिओ स्टेशनवर आवाजाची परीक्षा घेतात, देऊ का? अण्णा रागावले नाहीत. ते कधीच रागवायचे नाहीत, तेच तर अवघड होतं. त्यांनी पेपरची घडी घातली आणि सांगितलं, “आपल्या घरातला आवाज आजवर उंबऱ्याबाहेर गेलेला नाही, शैला. घरातच बरा.” संपलं. यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला मी सांगून बघितलं, तर साखर कारखान्यातल्या भल्यामोठ्या यंत्रांशी झुंजणारा हा माणूस म्हणाला, “अण्णांपुढं आपलं काय चालतंय?”

तेव्हा पद्माकरनं विचारल्यावर मी हो म्हणाले ते नाटकाच्या हौसेनं नव्हे. मला माझा आवाज एकदा मोठ्यानं ऐकायचा होता. इतकंच. आणि अण्णांना कळलं असतं तर तो पहिला आणि शेवटचाच ठरला असता, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

त्यात अण्णांचं आणि मंडळाचं वाकडं. आदल्या वर्षी कर्णा आमच्या गॅलरीसमोर लावला म्हणून ते सरळ चौकीत जाऊन आले होते. यंदाही त्यांनी पद्माकरला बजावलं होतं, “तुझी ती वटवट मला ऐकू आली, तर देखावा पुढच्या वर्षी विसरायचा.” कर्णा बोळातल्या कुठल्या खांबावर लावायचा याचे मंडळानं बरेच हिशेब मांडले, पण मारुतीचं देऊळ आमच्या घरासमोरच. कर्णा हलवून हलवून हलणार किती! सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आवाज कोल्हापूरच्या कुणा नाटकवाल्या बाईचा आहे.

घड्याळाचा प्रश्न पद्माकरनं त्याच्या पद्धतीनं सोडवला. त्यानं पुठ्ठ्याची एक मोठी तासाची थाळी केली, तिला सोनेरी कागद लावला, आणि एका पहारेकऱ्याच्या हातात हातोडी दिली. “मी लाकडाची नाही!” झालं की पहारेकऱ्यानं थाळीवर तास द्यायचा. वरून टेपमध्ये ठण्ण होतंच. आधीच्या खर्रर्रचं काय करायचं, हे मात्र कुणाला सुचलं नाही. शेवटी पहारेकऱ्यालाच खाकरायला सांगितलं.

पहिला खेळ लागला त्या संध्याकाळी अण्णा खुर्ची घेऊन गॅलरीत बसले. “पाळत ठेवायला बसलेत,” सासूबाई माझ्या कानात पुटपुटल्या. मी आत कणीक मळत होते. पडदा वर गेला, पेटी वाजली, आणि बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझा आवाज दणाणला. काय सांगू! मला वाटलं, कुणीतरी मला उचलून गच्चीवर उभं केलंय. हसू आवरेना. कणकेत पाणी किती पडतंय याकडं लक्षच नव्हतं.

“...मी लाकडाची नाही!”

खर्रर्र... ठण्ण!

अण्णांनी मान वळवली. गॅलरीतून थेट आत, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग माझ्याकडं. माझे हात परातीत तसेच राहिले.

“शैला, घड्याळाला किल्ली दिलीस का?”

“दिली, अण्णा.”

“हं.” आणि ते पुन्हा समोर बघायला लागले.

त्या रात्री मी आणि सासूबाईंनी एकमेकींना धीर दिला. नाही ओळखलं. ओळखलं असतं तर बोलले असते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गॅलरीत. तिसऱ्या दिवशीही. जेवण लवकर उरकायचं आणि खुर्ची टाकून बसायचं. पण चौकीत काही गेले नाहीत. पद्माकर बोळातून जाताना वर बघून नमस्कार करायचा आणि चालण्याचा वेग वाढवायचा.

एव्हाना अख्ख्या बोळाला सगुणाबाई पाठ झाली होती. होणारच ना! भाजीवाली घासाघीस करणाऱ्या बायकांना सांगायची, “बाई, दरवाजा मोडंल, पण मी भाव मोडणार न्हाई.” पोरं जिन्यावरून उतरताना हवालदाराचे संवाद म्हणायची. समोरच्या आरवाडे काकूंचा तर काकांशी रोजचा वाद, त्यात आता नवं हत्यार आलं. भांडणाच्या ऐन रंगात त्या कमरेवर हात ठेवून गर्जायच्या, “मी लाकडाची नाही!” यावर काका शांतपणे म्हणायचे, “न्हाईस. असतीस तर गप्प उभी राहिली असतीस.”

शाळेतले एक इतिहासाचे निवृत्त मास्तर तर दोनदा खेळ बघून गेले आणि पद्माकरला म्हणाले, “तासाचा टोला काय घातलायस! घटका मोजण्याची पद्धत इतक्या बारकाव्यानं आजकाल कोण दाखवतंय?” पद्माकरनं मान खाली घालून तो मान स्वीकारला.

एके दिवशी आरवाडे काकू गॅलरीतून गॅलरीत विचारत होत्या, “कोल्हापूरची म्हणं ती आवाजाची बाई. होय वो, अण्णा?”

“असेल,” अण्णा म्हणाले. मग, काकूंना नाही आणि मलाही नाही, असं समोर बघत म्हणाले, “आवाज चांगला आहे. पण शेवटच्या वाक्याला श्वास पुरत नाही. ‘धनी परत येतील तेव्हा’ म्हटल्यावर थांबून श्वास घ्यायला पाहिजे. मोठं वाक्य एका दमात उचलायला जाते आणि शेवटी धापा टाकते.”

मी दारामागं उभी होते. खरंच होतं ते. रेकॉर्डिंगच्या वेळी त्या शेवटच्या वाक्याला माझा दम संपला होता. मला राग आला. माझ्या आवाजाला नावं ठेवली म्हणून नव्हे, तर उत्तर देता येत नाही म्हणून. संध्याकाळी भांडी घासताना मी ते वाक्य मनातल्या मनात म्हणून बघितलं. श्वास घेऊन.

मग परीक्षकांचा दिवस उजाडला. शहरातल्या देखाव्यांची स्पर्धा होती, तीन परीक्षक मंडळामंडळांतून फिरत आमच्या बोळात येणार होते. सकाळपासून बोळ झाडून काढलेला, रांगोळ्या घातलेल्या. पद्माकर तर देवाला नवस बोलला होता. कासार बोळाला तोवर एकही बक्षीस नव्हतं. गेल्या वर्षीच्या चौकीच्या भानगडीनंतर मंडळातले निम्मे पैसे देणारे ‘यंदा काही झालं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी नुसती मूर्ती बसवू’ म्हणत होते. नुसती मूर्ती म्हणजे पद्माकरचं काम संपलं, सरूचं संपलं, आणि माझंही.

परीक्षक आले, खुर्च्यांवर बसले. गर्दी दोन्ही बाजूंना दाटली. गॅलऱ्या भरलेल्या. आमच्या गॅलरीत अण्णा त्यांच्या खुर्चीवर, सासूबाई कठड्याला धरून, आणि त्यांच्या मागं मी. पडदा वर गेला. सरू काय दिसत होती! पेटी वाजली. हवालदार धावत आला, गुडघा टेकला.

“बाईसाहेब, गनिमानं वेढा आवळला! गडावर दाणा नाही, दारूगोळा...”

मामांचा ढोलासारखा आवाज अचानक लांबट झाला. मग घोगरा. मग बदकासारखा कॅक कॅक झाला, आणि बंद पडला.

टेपनं फीत खाल्ली होती.

सगळा बोळ चिडीचूप. स्टेजमागं पद्माकरची धावपळ दिसत होती. हातात पेन्सिल, तिच्याभोवती फितीचा गुंता, आणि चेहऱ्यावर रडू. हवालदार गुडघ्यावर तसाच. सरूनं काय करावं? तिला इतकंच शिकवलं होतं की काही झालं तरी ओठ हलवायचे. ती ओठ हलवत होती. हात वर करून, डोळे मोठे करून, आवाज नसलेलं तिचं ते बोलणं मला आजही दिसतं. गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली. हशा पिकायला लागला. एक परीक्षक शेजारच्याकडं झुकले आणि त्यांनी घड्याळात बघितलं.

सरूच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला वरून दिसलं. पण ओठ हलत होते. आणि ती कुठल्या वाक्यावर आहे, हे मला तिच्या ओठांवरून कळत होतं.

मी अण्णांकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलंच नसतं. मी सासूबाईंच्या बाजूनं पुढं झाले, कठडा दोन्ही हातांनी धरला.

“दाणा संपला असेल, हवालदार! पण हिंमत अजून कोठारात शिल्लक आहे!”

खालची सगळी तोंडं वर झाली. शिट्टी मारणाऱ्याची शिट्टी अर्धवट राहिली. सरू दचकली, आणि मग तिनं असा काही पवित्रा घेतला, की वाटावं ती याचीच वाट बघत होती. समोरच्या गॅलरीत आरवाडे काकूंनी तोंडावर हात ठेवला. “अगं बाई, ही तर आपली शैला!”

पुढचं वाक्य हवालदाराचं होतं. मामा मिरजेला. स्टेजवरच्या हवालदारानं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा ती शांतता. माझं बळ तिथंच संपलं. आता माझ्या मागून खुर्ची सरकेल आणि अण्णा म्हणतील, शैला, आत चल.

खुर्ची सरकली.

“बाईसाहेब!” माझ्या शेजारून आवाज आला, कोर्टात पुकारा करावा तसा खणखणीत. “माणसं म्हणाल तर गडावर उरली ती म्हातारी आणि पोरं! त्यांच्या जोरावर गड राखायचा?”

अण्णा. कठड्याला हात लावून, ताठ उभे. एक शब्दही चुकलेला नाही.

सासूबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. कसली वाटी, का आणली होती, कुणाला ठाऊक!

“म्हातारी आणि पोरंच राखतील!” मी म्हटलं. आता माझा आवाज माझा एकटीचा राहिला नव्हता. आणि मग काय झालं ते असं झालं की बोळच बोलायला लागला. पोरांचा संवाद आला तर गच्चीवरच्या सगळ्या पोरांनी एका सुरात म्हटला. म्हाताऱ्या गडकऱ्याचं वाक्य आरवाडे काकांनी म्हटलं, चष्मा सावरत. शत्रूच्या दवंडीवाल्याची आरोळी चण्याच्या गाडीवाल्यानं दिली, तीही गाडीवर झारा आपटत. घोड्यांच्या टापा कुठून तरी पत्र्यावर वाजल्या. इतके दिवस जी मंडळी ‘कान किटले’ म्हणत होती, त्यांच्यातलं एकही तोंड बंद नव्हतं. परीक्षकांना मान कुठं वळवावी कळेना. ते आपले या गॅलरीकडून त्या गॅलरीकडं बघत राहिले.

“हा दरवाजा लाकडाचा आहे, हवालदार. तो मोडेल. पण दरवाजाच्या आत उभी असलेली मी...”

“लाकडाची नाही!” हे आरवाडे काकूंनी माझ्याबरोबर म्हटलं. त्यांना राहवलं नाही. मी त्यांना दोष देत नाही.

पहारेकऱ्यानं हातोडी उचलली, थाळीवर मारली. पुठ्ठ्याच्या थाळीतून आवाज यायचा तो काय? फट्‌. एवढंच. पुन्हा सगळं थांबल्यासारखं झालं.

आणि माझ्या शेजारी अण्णा खाकरले.

“खर्रर्र...” त्यांनी दम घेतला. “ठण्ण!”

हुबेहूब. स्प्रिंगचा तो घसा बसल्यासारखा आवाज, मग तो टोला, आणि टोल्यानंतर मागं रेंगाळणारी ती बारीक थरथरसुद्धा. बाकी बोळाला तो गडावरचा तास होता. तो आवाज कुठल्या भिंतीवरचा आहे, हे गॅलरीतल्या आम्हा तिघांना आणि खाली पद्माकरलाच माहीत होतं. मी वळून त्यांच्याकडं बघितलं. ते समोरच बघत होते, पण मिशीच्या टोकाशी काहीतरी हललं. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून. पहिल्या ठोक्यापासून! किल्ली दिलीस का म्हणे!

“शेवटचं वाक्य,” ते ओठ न हलवता पुटपुटले. “श्वास.”

मी श्वास घेतला.

“धनी परत येतील तेव्हा...” थांबले. खाली सरूही थांबली. “हा गड त्यांना जसा सोडून गेले तसाच उभा दिसेल. आणि नाही दिसला, तर तो राखायला मी उरले नव्हते, असं खुशाल समजा!”

टाळ्यांचं मी काय सांगू? त्या मला नीट ऐकू आल्याच नाहीत. सासूबाई रडत होत्या आणि हसत होत्या. खाली पद्माकर फितीच्या गुंत्यात अडकलेले दोन्ही हात जोडून आमच्या गॅलरीकडं बघत होता.

बक्षीस मिळालं. पहिलं नाही. उत्कृष्ट ध्वनिसंयोजनाचं! ज्या मंडळाचा टेप बंद पडला त्याला ध्वनीचं बक्षीस, यावर शहरात बरीच चेष्टा झाली. पद्माकर ती ढाल घेऊन आधी आमच्याकडं आला आणि अण्णांच्या पाया पडला. अण्णा म्हणाले, “कर्णा जरा देवळाकडं वळव. एवढा मोठा कशाला लागतो? बोळात माणसं आहेत.”

त्या दिवशी गॅलरीतून आत आल्यावर अण्णा तांब्याभर पाणी प्यायले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. म्हटलं, “अण्णा, तुम्हाला न विचारता...”

“विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं,” अण्णा म्हणाले. “म्हणून विचारलं नाहीस. बरोबरच केलंस.” मग भांडं पालथं घालत म्हणाले, “इतकी वर्षं घरात सगळ्यांना गप्प केलं. तू इतक्या मोठ्यानं बोलू शकतेस, हे मला कर्ण्यातून कळावं? बरं नाही वाटलं मला. ते रेडिओवाले अजून परीक्षा घेतात का?”

मी नुसती मान हलवली.

“मग दे. आवाज गेलाच आहे उंबऱ्याबाहेर. आता त्याला कोण परत बोलावतंय!”

परीक्षेला ते स्वतः मला घेऊन गेले, आणि बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसले. पुढं कितीतरी वर्षं मी सांगलीच्या रेडिओवर बोलले, महिलांच्या कार्यक्रमात, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात, कधी बातम्या. मी लागले की अण्णा आमच्या घरातला रेडिओ मोठा करायचे. आरवाडे काकू समोरून ओरडायच्या, “अण्णा, कान किटले!”

पण मला आठवतं ते त्याच्या पुढच्याच वर्षीचं रेकॉर्डिंग. माजघर तेच, गाद्या त्याच. सासूबाई या वेळी दारात नव्हत्या. त्या गनिमाच्या आईचं काम करणार होत्या आणि सकाळपासून त्यांचा घसा बसला होता. पद्माकरनं टेपच्या बटणावर बोट ठेवलं आणि घाबरत घाबरत भिंतीकडं बघितलं.

“थांब,” अण्णा म्हणाले. त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढले, घड्याळाचं काचेचं दार उघडलं, आणि लंबक दोन बोटांत हलकेच धरला. “हं. कर सुरू.”

सबंध रेकॉर्डिंग होईपर्यंत ते तसेच उभे होते. हात अवघडला असेल, पाय दुखले असतील. एकदाही हलले नाहीत. माझं शेवटचं वाक्य झालं, बटण वर आलं, तेव्हा त्यांनी लंबक सोडला आणि स्टुलावरूनच म्हणाले, “श्वास चांगला घेतलास.”

त्या दिवसापासून ते घड्याळ एका रेकॉर्डिंगएवढं मागं पडलं. आम्ही कितीदा म्हटलं, अण्णा, काटे पुढं करू का? तर म्हणायचे, राहू दे. ते होते तोवर त्यांनी ते पुढं करू दिलं नाही, आणि नंतर मीही कधी केलं नाही.